वर्षाआधी विकलेली गाडी

गाडी विकली गेल्याचं घरात सगळ्यांत शेवटी कळलं ते अक्काला, आणि शिफारस तर तिचीच होती.

थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, शोरूमच्या काउंटरवर ती इतकी वर्षं बसत आली होती की जुनी गिऱ्हाइकं दादाला सोडून आधी तिच्याशी बोलायला यायची. गाडी पसंत करायची दादाजवळ, घासाघीस करायची शेठजवळ आणि किल्ली घ्यायची अक्काच्या हातून, असा शिरस्ताच पडून गेला होता. शेठ म्हणजे दादाचा मुलगा. लहानपणी एकदा बापाच्या खुर्चीत चढून त्याने समोरच्या माणसाला ‘पैसे आणलेत का’ असं विचारलं होतं, तेव्हापासून तो शेठ.

कंपनीने त्या वर्षी नवी गाडी काढली आणि लोक खुळ्यासारखे तिच्या मागे लागले. गाड्या मोजक्या, मागणारे ढीगभर. मागे एका मॉडेलच्या वेळी लोकांनी गाडी घेऊन त्याच आठवड्यात चढ्या भावाने विकली होती. म्हणून या वेळी कंपनीने घेणाऱ्याकडून लिहूनच घ्यायचं ठरवलं. वर्षाच्या आत गाडी विकायची नाही. नकोशी झाली तर ज्या शोरूममधून घेतली तिथेच, घेतल्या किमतीला परत करायची. परस्पर विकली तर घेणाऱ्याचं नाव कायमचं काळ्या यादीत, आणि त्याला निवडणाऱ्या शोरूमलाही जाब विचारणार. त्यातून तो मालकाच्या नात्यातला निघाला, तर मालकानेच मागच्या दाराने विकली असं धरून एजन्सी काढून घेणार.

पहिल्या खेपेत दादाच्या वाट्याला एकच गाडी आली. गावातले मोठे डॉक्टर रोज फोन करत होते. एका कंत्राटदाराने तर घरी येऊन सोफ्यावर ठाणच मांडलं. अक्का मात्र म्हणाली, ‘मास्तरला दे.’

मास्तर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्याची गाडी शिकवायची शाळा होती आणि निम्म्या गावाने त्याच्याकडूनच क्लच-ब्रेक शिकून घेतला होता. कुणी स्टिअरिंग धरून रडलं, कुणी गाडी गटारात घातली, पण मास्तरने कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्याच्याकडे गाड्या होत्या त्या शाळेच्या, डोक्यावर पाटी आणि शेजारच्या सीटपाशी जास्तीचा ब्रेक असलेल्या. सगळा जन्म त्याने त्या शेजारच्या सीटवर काढला होता. स्वतःची म्हणावी अशी एक गाडी घ्यायची, हे तो थट्टेथट्टेत पंचवीस वर्षं बोलत आला होता.

दादाने हातातली मागणाऱ्यांची यादी बाजूला ठेवली. मग म्हणाला, ‘हे मला सुचायला हवं होतं.’

तर ती गाडी पाच-सहा महिन्यांनी परगावच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला गेली आणि तिथे मालक म्हणून भलतंच नाव लागलं. कंपनीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. विभागाच्या साहेबांनी दादाला फोन करून कळवलं की रविवारी त्या बाजूला येणं आहे, तेव्हा समक्षच बोलू. दादाने लगेच मास्तरला फोन लावला. गाडी विकलीस का, तर हो, विकली. का विकलीस, तर मास्तर म्हणाला, ‘मन भरलं.’ एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

साठीच्या पुढे पोचलेल्या दादाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. त्या दिवशी ती घ्यायचीही त्याला आठवण राहिली नाही.

रविवारी शोरूम बंद. दादाने सगळ्यांना तिथेच बोलावलं, कारण घरात आवाज चढलेले त्याला खपत नसत. शटर अर्धं वर होतं. गाड्यांवर पांढरी कापडं टाकलेली, आणि मधोमध जिथे नवी गाडी दिमाखात उभी असायची तिथे आता रिकामी चकचकीत फरशी. त्या फरशीच्या कडेला गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या काचेच्या टेबलाभोवती सगळे बसले. अशा टेबलाशी आपलीच माणसं बसलेली बघून अक्काला कसंनुसं झालं.

मास्तर आणि त्याची बायको सगळ्यांत शेवटी आले, तेही बसने. मास्तरच्या बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत. ती बसायच्या आधीच वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, तोंड उघडलं. वहिनीचं म्हणणं एवढंच की डॉक्टरांना नाही म्हटलं, कंत्राटदाराला दुखावलं, घरचा म्हणून दिराला गाडी दिली, आणि दिराने ती बाजारात नेऊन उभी केली. तिच्या नवऱ्याने उन्हातान्हात हिंडून ही एजन्सी मिळवली होती तेव्हा कोण कुठे होतं, हेही तिने काढलं. ते काढायला नको होतं, पण चुकीचंही नव्हतं.

शेठ वेगळ्या तऱ्हेने बोलला. त्याने आवाज चढवला नाही. साहेब येतील, विचारतील, आपण सांगायचं की गिऱ्हाइकाने फसवलं. आडनाव एक असलं तर असलं. एजन्सी गेली तर वर्कशॉपमधल्या माणसांनी कुठे जायचं, हे त्याने दोनदा विचारलं. मग मास्तरकडे न बघता म्हणाला, ‘काका, मिळाले तेवढे मिळाले तुम्हाला. आता आम्हाला तरी बुडवू नका.’

अक्काला ते बोलणं झोंबलं. ती म्हणाली की याच काकाने तुला गाडी शिकवली, तू शाळेच्या गाडीचा बंपर तोडलास ते बापाला कळूही दिलं नाही. शेठला ते पटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात धाकटी बोलली. ती एरवी सासरच्या माणसांत फारशी बोलत नसे. तिने सांगितलं की वर काही मिळालेलं नाही, घेतली त्याच किमतीला गाडी दिली. घेणारी यांचीच जुनी विद्यार्थिनी. परगावी जनावरांची डॉक्टर आहे, वाड्या-वस्त्यांवर हिंडावं लागतं. बिचारीला वर्षाच्या अटीचं काही ठाऊकही नव्हतं. पैसे आले तसे बँकेत पडून आहेत.

सगळ्यांच्या माना मास्तरकडे वळल्या. लोभ म्हणावा तर फायदा कुठेच दिसत नव्हता. वहिनीचा चेहरा उतरला. तिचं असंच होतं, तडतड करायची आणि भरकन विझायची. ती पुढे वाकून मऊ आवाजात म्हणाली, ‘भाऊजी, काही अडचण होती का हो?’

मास्तरने नकारार्थी मान हलवली.

दादा इतका वेळ बोलला नव्हता. तो आता बोलायला लागला तेव्हा शेठने काहीतरी मधे घालायचा प्रयत्न केला, तर दादाने हातानेच त्याला थांबवलं.

‘हे बघ,’ तो मास्तरला म्हणाला. ‘साहेबांना मी खोटं सांगणार नाही. भाऊ आहे म्हणून सांगेन, पुढे जे व्हायचं ते होईल. पण मला एक कळू दे. नको झाली होती ना, मग इथे का नाही आणलीस? त्याच किमतीला मी परत घेतली असती. कंपनीने हूं की चूं केलं नसतं. परक्या माणसाला विकावीशी वाटली आणि माझ्याकडे आणावीशी वाटली नाही?’

मास्तर टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाला, ‘सांगितलं ना दादा. मन भरलं.’

‘पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली त्यानं पाच महिन्यांत मन भरलं?’

‘भरतं कधीकधी.’

आता धाकटीच त्याच्यावर उलटली. मलाही हेच उत्तर देतात, तिने सांगितलं. एक दिवस घरी आले, किल्ली खुंटीला लावली आणि पुन्हा गाडीत बसले नाहीत. विचारलं तर हसण्यावारी नेतात. दादाने हे सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सरकवली. अक्काला त्याचा चेहरा पाठ होता. रागावलेला दादा तिला चालायचा, कारण राग निवायचा. हा चेहरा दुखावलेल्या माणसाचा होता.

चहा ठेवते, असं म्हणून ती उठली. खरं तर तिला तिथून उठायचं होतं.

चहाची शेगडी मागे वर्कशॉपच्या कोपऱ्यात होती. रविवारी तिथे ऑइलचा वास तेवढा राहायचा, आवाज नसायचा. तिने आधण ठेवलं आणि मागून मास्तर आलेला तिला दिसला. तो सरळ तिच्याकडे बघत येत होता. वाटेत त्याच्या अंगालगत जुन्या टायरांची उतरंड होती, चांगली कमरेएवढी. भरदिवसा, डोळे उघडे ठेवून तो त्या उतरंडीवर धडकला. वरचे टायर घरंगळत फरशीवर गेले. मास्तर गुडघा चोळत म्हणाला, ‘कुणी ठेवलेत हे मधेच?’

टायर मधे नव्हते. किल्ली दिली त्या दिवसाची तिला आठवण झाली. अटी वाचून सही करायची होती, तर मास्तर म्हणाला होता, तूच वाच अक्का, तुझा आवाज बातम्यांसारखा आहे. ती कौतुकाने वाचत गेली होती. सहीच्या जागी तिनेच बोट ठेवलं, तरी सही रेघेच्या बरीच वर गेली. घाई झालीय का रे गाडीत बसायची, असं म्हणून ती हसलीसुद्धा होती. तेव्हा हसण्याऐवजी विचारलं असतं तर, असं आता तिच्या मनात आलं, आणि ते नंतर कधी मनातून गेलं नाही.

‘डोळ्यांना काय झालंय?’ तिने विचारलं.

मास्तरने आधी थट्टा करून बघितली. डोळे शाबूत आहेत, टायरच चालून आले, असं काहीसं तो बोलला. मग तो उलट्या बादलीवर बसला आणि त्याने सांगितलं.

कडा गेल्या होत्या. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. वर्षभर कळलंच नाही, कारण माणूस मान वळवून बघतो आणि भागवतो. परगावच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की गेलं ते परत यायचं नाही, आहे ते टिकलं तर टिकलं, आणि गाडी चालवायची नाही. ते घेण्याआधी की घेतल्यावर, असं अक्काने विचारलं. घेण्याच्या थोडं आधीच शंका आली होती, तो म्हणाला. म्हटलं, एवढी एक वर्षभर चालवून घेऊ.

‘आणि मग एक दिवस मुलांच्या शाळेच्या वळणावर,’ तो म्हणाला. ‘सायकलवर एक मुलगी होती. मला दिसलीच नाही, अक्का. घासली तीही दिसली नाही. आरशाचा आवाज ऐकला तेवढा. उतरून बघतो तर पोरगी खाली पडलेली. गुडघा फुटलेला. लोक जमले. आणि तिनेच माझी माफी मागितली. म्हणाली, सॉरी मास्तर, माझंच चुकलं. जमलेली माणसंही तिलाच रागवायला लागली. मास्तरची चूक असूच शकत नाही ना.’

आधण उकळून चाललं होतं. अक्काने शेगडी बारीक केली.

‘तू काय म्हणालास?’

‘नीट बघून चालवत जा म्हणालो. तिला.’

ती मुलगी कुठे राहते हे त्याने शोधून काढलं होतं, घराच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊनही आला होता. दारात जाण्याचा धीर झाला नव्हता.

अक्काने विचारलं, आणि शाळा? शाळा चालू आहे, सकाळी मोकळ्या मैदानावरच घेतो, ब्रेक पायाशी असतो, असं तो पुटपुटला. तिने त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. आजपासून बंद, ती म्हणाली. लहानपणी त्याच्या हातातली काडेपेटी काढून घ्यायची त्याच आवाजात म्हणाली. त्याने मान डोलावली. त्याला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, असंच त्या मान डोलावण्यातून तिला वाटलं.

‘दादाला सांग. आत्ता. तो वाट बघतोय नुसत्या एका कारणाची.’

‘दादाकडे गाडी परत आणली असती तर त्याने का म्हणून विचारलं असतं. म्हणूनच नाही आणली.’ तो थांबला. ‘लोभी म्हटलेलं मला चालेल, अक्का. लोभी माणसाला लोक शिव्या देतात, पण त्याचा हात धरून रस्ता ओलांडून देत नाहीत.’

‘दादा म्हणजे लोक नव्हे.’

‘माहीत आहे. जरा दम खाऊ दे. चहा होऊ दे. चहा झाला की मीच सांगतो, तू नको सांगूस.’

साहेब दुपारी यायचे होते. दुपारला अजून अवकाश होता. अक्का बरं म्हणाली. त्या वेळी त्याला थोडा वेळ देणं हीच तिला माया वाटली. चहा गाळला, कप धुतले, पडलेले टायर दोघांनी मिळून पुन्हा रचले. टायर रचताना मास्तर तिला शाळेतल्या एका आजीबाईंची गंमत सांगत होता. त्या म्हणे रिव्हर्स टाकताना आधी नातवाला फोन करायच्या. दोघं हसले. बऱ्याच दिवसांनी तिचा भाऊ तिला भेटल्यासारखं झालं, आणि त्या नादात तिने आणखी वेळ घालवला.

ट्रे घेऊन ती पुढे आणि मास्तर मागे, असे ते शोरूमच्या दाराशी आले, तर टेबलाशी एक परका माणूस बसलेला. साहेबांचं दुसरीकडचं काम लवकर आटोपलं होतं. वहिनी आणि धाकटी लांब सोफ्यावर जाऊन बसल्या होत्या. साहेब सभ्य गृहस्थ होते, आवाजात कसलीही जरब नव्हती. ते हसतच विचारत होते की घेणाऱ्याचं आणि तुमचं आडनाव एकच दिसतं, तुमचे कुणी लागतात का.

शेठ बापाकडे बघत होता. दादाची पाठ दाराकडे होती.

‘आमच्या आडनावाची माणसं इथे पैशाला पासरी मिळतील,’ दादा म्हणाला. ‘माझं कुणी नाही. गिऱ्हाईक. आम्हालाही फसवलंन त्याने.’

अक्काच्या हातातला ट्रे दाराला लागला आणि कप किणकिणले. साहेबांनी वर बघितलं. ट्रेमागे उभ्या असलेल्या मास्तरकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, तसं शेठ चटकन म्हणाला, वर्कशॉपमधले आहेत. मास्तरने साहेबांना नमस्कार केला. अक्काच्या हातून ट्रे घेतला, टेबलाची कड पायाने चाचपली आणि तो नीट मधोमध ठेवला. एक थेंब सांडला नाही.

दादाने वळून बघितलं नाही. त्याचा कान मात्र लाल झाला होता.

साहेबांनी चहा घेतला, चहाची तारीफ केली. तुमच्यासारख्या जुन्या माणसाबद्दल शंका नव्हतीच, विचारणं कर्तव्य होतं. त्या गृहस्थांचं नाव यादीत जाईल, विकत घेणाऱ्या बाईंना काही तोशीस नाही, आणि पुढच्या खेपेला तुम्हाला जास्त गाड्या मिळतील असं बघतो. शेठ त्यांना पोचवायला पायऱ्यांपर्यंत गेला.

ते बाहेर पडल्यावर दादा वळला. मास्तरने सांगायला तोंड उघडलं आणि मान अक्काकडे वळवली. शेवटी अक्काच बोलली.

‘त्याला दिसत नाही, दादा. बाजूचं काहीच दिसत नाही. म्हणून विकली.’

धाकटीने पदर तोंडाशी धरला. बिनउत्तराचे कितीतरी प्रश्न तिला एकदम सुटल्यासारखे झाले असावेत. अंधार पडला की घरातच बसणं, ताटातलं बाजूचं वाढलेलं तसंच राहणं. ती उठून नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली.

दादाने मास्तरला एवढंच विचारलं, ‘किती दिसतं?’

मास्तरने दोन्ही तळवे उभे करून डोळ्यांच्या कडेला धरले आणि सावकाश आत आणले. खिडकी लावून घेताना शेवटी उरते तेवढी फट राहिली, तिथे थांबले.

दादा चटकन उठला. गोळी चालू असलेला माणूस, पण अक्काने त्याला इतकं जोरात चालताना कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. साहेबांची गाडी फाटकाशी रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होती. शेठ मधे आला आणि बाबा, बाबा म्हणत राहिला. दादाने त्याला बाजूला सारलं. काचेतून सगळ्यांना दिसलं की दादाने हात वर केला, साहेबांनी काच खाली घेतली, दादा वाकला. तो वाकलेलाच राहिला, छातीत श्वास मावत नसल्यासारखा. मग काहीतरी बोलला. साहेब हसले, हात हलवला, आणि गाडी निघून गेली.

दादा परत आला. वहिनीने त्याला पाणी दिलं. ते न पिता तो ग्लास धरून बसला.

‘काय सांगितलंत?’ तिने विचारलं.

‘रस्ता खराब आहे, सावकाश चालवा म्हटलं.’

कुणी त्याला दोष दिला नाही. वहिनी रडली. शेठ मास्तरच्या पायाशी बसून काका काका करत राहिला, आणि मास्तर त्याच्या डोक्यावर थोपटत म्हणाला की अरे, यात तुझं काय, मीच बोललो नाही ना वेळेवर. दादाने एकदा अक्काला विचारलं की तुला कधी कळलं. आत्ता, चहा ठेवताना, ती म्हणाली. चहाला एवढा वेळ लागतो का, हे त्याने विचारलं नाही.

शाळा त्याच आठवड्यात बंद झाली. गाड्यांच्या डोक्यावरच्या पाट्या मास्तरने स्वतःच्या हाताने उतरवल्या, लायसन परत केलं. दुसऱ्या दिवशी धाकटीला बरोबर घेऊन तो त्या मुलीच्या घरी गेला आणि चूक तुझी नव्हती, माझी होती, असं तिच्या आईवडिलांसमोर सांगून आला. घरी येऊन शांत झोपला, असं धाकटीने अक्काला सांगितलं. त्या एका गोष्टीचं सगळ्यांना समाधान होतं.

दादा रोज त्याच्याकडे जाऊ लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं, थेंब आणून देणं, सगळं त्याने अंगावर घेतलं. जाताना तो दर वेळी अक्काला म्हणायचा, आज बोलतो त्याच्याशी. परत आला की विचारावं, तर हवापाण्याचं बोललो म्हणायचा. त्या रविवारचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नाही. आधी दोघं भावंडांसारखे भांडायचे, रेडिओच्या आवाजावरूनसुद्धा. आता एकमेकांना जपून बोलायला लागले, आणि ते जपणं अक्काला बघवेना.

घरी बसून काय करणार, म्हणून दादाने त्याला शोरूममध्ये येऊन बसायचा आग्रह केला. मास्तर आला. अक्काच्या काउंटरजवळ त्याला खुर्ची टाकून दिली. लोकांना तो आवडायचा. कुणाला कुठली गाडी झेपेल हे तो दोन वाक्यांत सांगायचा, कारण त्यातल्या बहुतेकांना त्यानेच शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात हशाही पिकायला लागला. दादा केबिनमधून ऐकत असायचा. त्याचं जेवण सुधारलं, असं वहिनी म्हणाली.

मग एकदा नव्यानेच बदलून आलेलं एक जोडपं गाडी बघायला आलं. मास्तरने त्यांना हसवलं, बाईंना कुठली गाडी पार्क करायला सोपी पडेल ते सांगितलं. नवरा खूष झाला. दादा तिथे येऊन उभा राहिला होता. त्या माणसाने सहज विचारलं, ‘हे तुमचे कोण?’

दादाने तोंड उघडलं होतं. अक्काने ते स्पष्ट पाहिलं. पण मास्तर आधी बोलून गेला.

‘मी? मी इथलं जुनं गिऱ्हाईक.’

जोडपं हसलं. मास्तरही हसला, नेहमीसारखा, मोकळा. त्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता, हे अक्का शपथेवर सांगू शकली असती. त्याची जीभच तशी होती. तो स्वतःच्या डोळ्यांचीही थट्टा करायचा. पण दादाला हसता आलं नाही. तो तसाच उभा राहिला, आणि मास्तरला, बाजूचं न दिसणाऱ्या मास्तरला, ती शांतता ऐकू गेली. त्याचं हसू हळूहळू थांबलं. जोडप्याला किमतीचं विचारायचं होतं. दादा त्यांना घेऊन केबिनमध्ये गेला.

संध्याकाळी धाकटी न्यायला आली, तिच्याबरोबर मास्तर निघाला. येतो दादा, म्हणाला. ये, दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. निरोप आला की सकाळी फिरायला जातो, मग कंटाळा येतो.

खुर्ची काउंटरजवळ तशीच होती. आठवडाभराने शटर ओढायच्या वेळी दादा त्या खुर्चीत येऊन बसला. अक्का ड्रॉवरला कुलूप घालत होती.

‘थट्टाच केली गं त्याने,’ दादा म्हणाला.

‘थट्टाच,’ अक्का म्हणाली.

‘मला हसायला हवं होतं,’ दादा म्हणाला. ‘नुसतं हसलो असतो तरी आला असता तो.’